मिंडेलोची सिझे

(मंचावर मंद प्रकाश. वादक मागच्या बाजूला अर्धवर्तुळात बसलेले.)

कार्यक्रम अर्ध्यावर आला की ती गाणं थांबवायची. मंचावरच एक छोटं टेबल मांडलेलं असे. ती खुर्चीत टेकायची, सिगारेट शिलगावायची आणि वादक एखादी धून वाजवत राहायचे. समोर खचाखच भरलेलं थिएटर, पण तिला कसलीच घाई नसे. सिगारेट ओढून झाली की उठायची, अनवाणी पावलांनी माईकपाशी यायची आणि पुढचं गाणं सुरू करायची.

ही सेझारिया एव्होरा. गावात तिला सगळे सिझे म्हणत. चाळिशी सरून गेली तरी तिच्या बेटांपलीकडे तिचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

(समुद्र. उघडेबोडके डोंगर.)

आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला, सेनेगलच्या किनाऱ्यापासून पाचशे-सहाशे किलोमीटर आत समुद्रात दहा बेटं आहेत. हा केप व्हर्डे देश. पावसाचा भरवसा नाही, शेती जेमतेम. १९४० च्या दशकातल्या दुष्काळांत इथे हजारो माणसं भुकेने मेली. जगायचं तर बोटीत बसायचं, हे इथल्या घराघराला ठाऊक. लिस्बन, डाकार, रॉटरडॅम, अमेरिकेत बॉस्टनच्या आसपासची शहरं, जिथे काम मिळेल तिथे माणसं गेली. आज बेटांवर राहतात त्यापेक्षा जास्त केप व्हर्डियन माणसं बाहेर आहेत.

राज्य पोर्तुगालचं. गोव्यातून ते १९६१ मध्ये गेलं, इथून जायला १९७५ उजाडलं. त्या राज्याबरोबर आलेली गिटार आणि व्हायोलिन गोव्यात मांडो या कोकणी गीतप्रकाराने आपलीशी केली. इथे ती मोर्नाने केली. मोर्ना म्हणजे या बेटांचं संथ, विरहाचं गाणं. मांडो ऐकत वाढलेल्या माणसाला ते पहिल्यांदा ऐकतानाही परकं वाटणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

सिझेचा जन्म २७ ऑगस्ट १९४१ चा, साँ व्हिसेंट बेटावरच्या मिंडेलो या बंदराच्या गावी. एके काळी दक्षिण अमेरिकेकडे जाणाऱ्या आगबोटी कोळसा भरायला इथे थांबत. पुढे जहाजं तेलावर चालू लागली आणि बंदराची रया गेली, तरी खलाशी येत राहिले, दारूचे गुत्ते चालू राहिले आणि गुत्त्यांत गाणंही चालू राहिलं. वडील व्हायोलिन वाजवायचे. ती सात वर्षांची असताना ते गेले. आई स्वयंपाकीण. एकटीच्या कमाईत मुलं पोसणं जमेना, म्हणून तिने सिझेला अनाथाश्रमात ठेवलं. तिथल्या प्रार्थनेच्या गाण्यांत तिचा गळा पहिल्यांदा लागला.

सोळाव्या वर्षापासून ती मिंडेलोच्या गुत्त्यांत गाऊ लागली. बंदरात थांबलेल्या जहाजांवरही गाणं व्हायचं. मोबदला म्हणून कधी चार पैसे, कधी नुसता एक प्याला. स्थानिक रेडिओने तिची गाणी ध्वनिमुद्रित केली, गावभर नाव झालं. पण त्या नावाने चूल पेटत नव्हती.

१९७५ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि त्याच सुमारास सिझेने गाणं सोडलं. जवळपास दहा वर्षं. पदरी मुलं, हातात पैसा नाही, दारूचं व्यसन. तिच्या आयुष्यातली ही वर्षं कहाणी सांगताना बहुतेक जण एका वाक्यात उरकतात. मला ती उरकावीशी वाटत नाहीत. तिशीपासून चाळिशीपर्यंतचा काळ गायकाचा ऐन भराचा, आणि तो तिने घराच्या चार भिंतींत काढला. त्या आवाजावर तेव्हा कुणी दमडी लावली नव्हती.

१९८० च्या दशकात ती पुन्हा गाऊ लागली. लिस्बनमध्ये बाना नावाच्या नामवंत केप व्हर्डियन गायकाचं रेस्टॉरंट होतं. तिथे १९८७ मध्ये जोझे दा सिल्व्हा या तरुणाने तिला ऐकलं. मूळचा केप व्हर्डेचाच, नोकरी फ्रान्सच्या रेल्वेत. तो तिला पॅरिसला घेऊन गेला. १९८८ मध्ये रेकॉर्ड निघाली. तिच्या फ्रेंच नावाचा अर्थ 'अनवाणी दिवा', इथे दिवा म्हणजे मोठी गायिका. त्या अनवाणी पायांचे लोकांनी पुढे बरेच अर्थ लावले. तिला मुळात चपला-बूट घालायला आवडतच नसे.

(स्टुडिओ. गिटार, चार तारांचं छोटं कावाकिन्यो, पियानो.)

आता इथे जरा थांबू या, कारण खरं वळण इथे आहे. दा सिल्व्हाने आधी काळाप्रमाणे सिंथेसायझर आणि नाचाचा ठेका वापरून पाहिला. परदेशातल्या केप व्हर्डियन तरुणांना तो आवडला, बाकीच्यांनी मात्र फारशी दखल घेतली नाही. मग १९९१ च्या 'मार आझुल' या अल्बममध्ये विजेची वाद्यं बाजूला सारली. गिटार आणि कावाकिन्यो पुढे आले आणि त्यांच्या मधोमध तिचा आवाज. मिंडेलोत रात्री जसं गायचं, तसंच. फ्रान्सच्या रेडिओने ती गाणी उचलून धरली. जगाला आवडावी म्हणून सिझे बदलली नाही. उलट, जे आधीपासून होतं तेच जसंच्या तसं समोर ठेवलं, तेव्हा जगाने ऐकलं.

पुढच्याच वर्षी 'मिस परफुमादो' आला. त्यातलं 'सोदाद' देशोदेशी पोहोचलं. हे गाणं साँ तोमेच्या वाटेबद्दल आहे. साँ तोमे हे बेटही तेव्हा पोर्तुगालची वसाहत, कोकोच्या मळ्यांची. केप व्हर्डेची उपाशी माणसं करारावर तिथे राबायला नेली जात आणि किती तरी जण परतलेच नाहीत. अंगोलाच्या बोंगाने हे गाणं १९७४ मध्ये गायलं होतं. सिझेने ते आणखी शांत केलं. ती रडवेली होत नाही, सूर ताणत नाही, दाराशी बसून शेजारणीला सांगावं तशी सांगते. काळजात कालवतं ते त्यामुळेच.

तेव्हा तिचं वय ५१. पुढची पंधरा-सोळा वर्षं ती जगभर गात फिरली, आणि गायली मुख्यतः आपल्या बेटांच्या क्रिओल भाषेत. मालीच्या सालिफ केइतासोबतचं 'यामोरे' आजही पश्चिम आफ्रिकेत वाजतं. २००४ मध्ये 'व्होझ द आमोर' या अल्बमला ग्रॅमी मिळालं. दारू तिने १९९४ मध्येच सोडली होती. सिगारेट सुटली नाही. दौरा संपला की ती मिंडेलोला परत जायची. तिथल्या घराचं दार उघडं असे, आल्यागेल्याला जेवू घालायची तिला हौस होती. बहुतेक वेळा मक्याचं आणि कडधान्याचं काचुपा.

२००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात तिला पक्षाघाताचा झटका आला. २०१० मध्ये हृदयावर शस्त्रक्रिया झाली. सप्टेंबर २०११ मध्ये तिने गाणं थांबवल्याचं जाहीर केलं आणि १७ डिसेंबरला मिंडेलोच्या रुग्णालयात ती गेली. वय ७०. देशाने दुखवटा पाळला. पुढच्या वर्षी बेटावरच्या विमानतळाला तिचं नाव दिलं गेलं, नंतर ती नोटेवरही आली. २०१९ मध्ये युनेस्कोने मोर्नाला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

तिला ऐकायचं असेल तर माझा आग्रह आहे, दोन रेकॉर्ड लागोपाठ ऐका. एक 'रादिओ मिंडेलो', तरुणपणी रेडिओसाठी गायलेली गाणी. ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. दुसरी 'मिस परफुमादो'. पहिलीत आवाज कोवळा आणि चपळ आहे, दुसरीत तो खर्जाकडे झुकलेला, जड आणि निवांत. मधल्या गप्प वर्षांचं काहीच ध्वनिमुद्रित नाही, पण दुसरी ऐकताना ती सगळी वर्षं त्या आवाजात ऐकू येतात.