तारीख साधारण धरा, रस्ता चढाचा धरा

मंडळी, फॉल कलर्सचा, म्हणजे शरदात झाडांच्या पानांवर चढणाऱ्या लाल-पिवळ्या रंगांचा, विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: नेमकं कधी जायचं? रजा टाकायची असते, हॉटेल चार महिने आधी धरायचं असतं, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. माझं उत्तरही ठरलेलं आहे. तारीख साधारण धरा आणि रस्ता असा निवडा, की जो खूप चढतो आणि खूप उतरतो.

उदाहरणाला अमेरिकेतला ब्लू रिज पार्कवे घेऊ. व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ नॅशनल पार्कपासून नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रेट स्मोकी माउंटन्सपर्यंत ४६९ मैलांचा हा रस्ता. १९३५ साली काम सुरू झालं आणि ग्रँडफादर माउंटनच्या कुशीतून जाणारा शेवटचा तुकडा पुरा व्हायला १९८७ उजाडलं. पण आपल्या कामाचे आकडे वेगळे आहेत. जेम्स नदीजवळ हा रस्ता जेमतेम ६५० फुटांवर असतो आणि रिचलंड बाल्समला ६,०५३ फुटांवर पोहोचतो. हजार फूट वर गेलं की तापमान साधारण दोन अंश सेल्सियसनी उतरतं. म्हणजे या दोन ठिकाणांमध्ये एकाच दिवशी दहा-अकरा अंशांचा फरक पडू शकतो. वर पानं गळायला लागलेली असतात तेव्हा खाली झाडं हिरवीगार असतात. रंग सप्टेंबरच्या अखेरीस उंचावर दिसू लागतो आणि हळूहळू उतार उतरत नोव्हेंबरच्या सुरुवातीला पायथ्याशी येतो. पार्कवेलगतचं ॲशव्हिल शहर सुमारे २,१०० फुटांवर आहे. तिथला रंगांचा बहर ऑक्टोबरच्या अखेरचा, तर जवळच्याच पाच हजार फुटांवरचा बराचसा बहर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातच उरकतो. म्हणून ॲशव्हिलला मुक्काम धरला, की तारीख आठवडाभर इकडेतिकडे झाली तरी फारसं बिघडत नाही. लवकर आलात, वर जा. उशीर झाला, खाली उतरा.

फक्त वर जायचं म्हणून थेट माथा गाठू नका. तिथे स्प्रूस आणि फर, म्हणजे बारमाही हिरवी झाडं. रिचलंड बाल्समच्या पाटीपाशी फोटोला सगळे थांबतात आणि आजूबाजूला बघून हिरमुसतात. रंग तिथून खाली बघायचा असतो.

आता तारीख मागेपुढे का होते ते बघू. पानगळीची वर्दी झाडाला मिळते ती रात्र लांबायला लागल्यावर, आणि रात्रीचं वेळापत्रक दर वर्षी तेच. हरितद्रव्य नव्याने बनेनासं होतं, आहे ते विरत जातं आणि उन्हाळाभर त्याच्याखाली झाकलेला पिवळा-केशरी रंग उघडा पडतो. पिवळा त्यामुळे भरवशाचा. हिकरी, बर्च, ट्यूलिप पॉपलर सहसा दगा देत नाहीत. लालाचा भरवसा नाही. अँथोसायनिन हे लाल द्रव्य बहुतेक झाडं शरदातच ताजं बनवतात, पानात अडकलेल्या साखरेपासून, आणि त्याला ऊन लागतं. डॉगवुडची एखादी फांदी जवळून बघा. एका पानावर दुसरं टेकलेलं असलं तर वरचं अलगद बाजूला करा. सावलीत होता तेवढाच भाग पिवळट-हिरवा आणि भोवती सगळं लालभडक, असं खालचं पान बऱ्याचदा सापडतं. वरच्या पानाचा आकार त्यावर उमटलेला असतो. आठवडेच्या आठवडे आभाळ भरून राहिलं तर अख्ख्या डोंगराचा लाल असाच फिका पडतो. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा, पण पाणी गोठेल इतका नाही, असं हवामान टिकलं तर लाल खुलतो. कडाक्याची थंडी लवकर पडली तर पानं तपकिरी होतात, दुष्काळ असेल तर रंग धरायच्या आधीच गळतात, आणि ऐन बहरात वादळी पाऊस झाला तर एका रात्रीत फांद्या मोकळ्या.

हे सगळं त्या-त्या पंधरवड्यात ठरतं. म्हणून ऑगस्टमध्ये फिरणारे ‘पीक’चे, म्हणजे कुठे कधी ऐन बहर येईल ते सांगणारे, नकाशे मी करमणूक म्हणून बघते. आणि निवड करायचीच झाली तर मी उशिरापेक्षा लवकर जाईन. सावरवुड, ब्लॅक गम, डॉगवुड ही झाडं आधी लाल होतात; भोवती बाकीचं रान हिरवं असल्यामुळे ती जास्तच उठून दिसतात. उशिरा गेलात तर मदार ओकवर, म्हणजे तांबूस-तपकिरीवर. काहींना तेच आवडतं, त्यांच्याशी माझा वाद नाही.

कोलोरॅडोत मात्र हा हिशोब तसाच्या तसा चालत नाही. तिथे मुख्य झाड ॲस्पेन. एकाच मुळातून फुटलेली शेकडो खोडं, म्हणजे खरं तर एकच झाड, त्यामुळे तो अख्खा पट्टा एकदम पिवळा होतो आणि एकदम रिकामा. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा बहुतेक ठिकाणी धरायला हरकत नाही, पण तिथल्या ताज्या खबरी बघून दोन दिवस हलवता येईल अशी रजा घ्या.

राहता राहिली दिवसाची वेळ. पानाच्या पलीकडे सूर्य हवा. उजेड पानातून आरपार आला की रंग पेटतो. तेव्हा सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी तीननंतर. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात जेवून घ्या. ऑक्टोबरातला शनिवार-रविवार शक्यतो टाळा. टळत नसेल तर पहाटे निघा, नाहीतर गाड्यांच्या रांगेत पुढच्याचे ब्रेकलाइट हाच तुमचा लाल रंग. पार्कवेवर वेगमर्यादा जास्तीत जास्त ताशी ४५ मैल आहे आणि दर ओव्हरलूकला, म्हणजे रस्त्याकडेच्या देखावा बघायच्या थांब्याला, थांबावंसं वाटतं, तेव्हा दिवसाला शंभर मैलही भारी पडतात. निघण्याआधी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर कुठला भाग बंद आहे ते बघा. सप्टेंबर २०२४च्या हेलीन वादळानंतर तर कित्येक मैल रस्ता बंद करावा लागला होता. आणि टाकी भरून निघा, कारण पार्कवेवर एकही पेट्रोल पंप नाही.