मागचा दिवा आणि पाण्याच्या वाटा

मंडळी, सायकलच्या मागच्या दिव्याच्या खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेले असतात ते लुमेन, म्हणजे उजेडाचं माप. रोज सायकलने कामावर जाणाऱ्याने तो आकडा शेवटी वाचावा, असं माझं मत आहे. दिवा निकामी होतो तो बहुधा उजेड कमी पडल्यामुळे नव्हे, तर पाणी शिरून किंवा सायकलला बांधायचा पट्टा तुटून.

आधी पाण्याचं बघू. ‘वॉटरप्रूफ’ हा नुसता शब्द सोडून द्या, आयपीचा आकडा शोधा, म्हणजे धूळ-पाणी आत शिरू न देण्याची चाचणीतली श्रेणी. आयपीएक्स४ म्हणजे कुठूनही उडणारे शिंतोडे सोसणारा. आयपीएक्स६ म्हणजे मिनिटाला १०० लिटरचा जोरदार झोत सोसणारा. आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडवून तपासलेला. इथे गंमत अशी, की ७ मिळालेला दिवा ६ च्या चाचणीत पास होईलच असं नाही. दोन्ही चाचण्या निराळ्या. बुडवताना पाणी स्थिर असतं, झोतात ते फटीवर आदळतं. आपली सायकल काही तळ्यात जात नाही, त्यामुळे मी तरी ६ ला जास्त मान देतो. दोन्ही आकडे छापलेले असतील तर उत्तमच.

पण ही चाचणी नव्याकोऱ्या दिव्याची, स्वच्छ पाण्यातली. रस्त्यावर मागचं चाक चिखल आणि बारीक वाळू खालून वर फेकतं आणि चार्जिंगचं भोक बऱ्याच दिव्यांना नेमकं खालीच असतं! त्यावरचं रबरी बूच रोज उघडून-लावून सैल होतं. म्हणून दुकानात बूच उघडून बघा. ते घट्ट, खोल बसतंय का? पातळ पापुद्र्यासारखं असेल तर दिवा खाली ठेवा. आणि मडगार्ड नसेल तर आधी ते बसवा. दिव्याचं आयुष्य त्याने जितकं वाढेल तितकं महागड्या दिव्यानेही वाढणार नाही.

पाणी आत शिरायची आणखी एक वाट सहसा लक्षात येत नाही. दिवा पेटून गरम झाला की आतली हवा फुगते, थोडी बाहेर पडते. वरून गार पाऊस पडला की उरलेली हवा आकसते आणि सांध्यावरचं पाणी आत ओढते. काचेवर आतून धुकं दिसायला लागलं, की समजा सील गेलं.

पट्ट्याचं थोडक्यात सांगतो. रबर उन्हाने तडकतं, तेव्हा पट्टा सुटा मिळतो का ते विचारून घ्या. पिशवीला अडकवलेला दिवा डुलतो आणि आभाळाला नाहीतर जमिनीला उजेड दाखवतो. सीटखालच्या दांड्यावर सरळ मागे रोखलेला दिवाच कामाचा.

किती तास चालतो, हे वाचताना तो आकडा कुठल्या मोडचा आहे ते बघा. सगळ्यात मोठा आकडा बहुतेक लुकलुकणाऱ्या मोडचा असतो. जर्मनीत तर सायकलवर लुकलुकणारा मागचा दिवा चालतच नाही. स्थिर उजेडावरून मागच्या चालकाला अंतराचा अंदाज नीट येतो. चार्जिंगचाच कंटाळा असेल तर हब डायनॅमोला, म्हणजे चाकाच्या मध्यात बसून फिरताना वीज तयार करणाऱ्या यंत्राला, जोडलेला दिवा घ्या. त्याला पोर्टच नाही. चांगल्या दिव्यात थोडी वीज साठवणारा कपॅसिटर असतो, सिग्नलला थांबलात तरी तो काही मिनिटं जळत राहतो.

प्रश्न आलाय, भिजून घरी आल्यावर दिवा लगेच चार्जिंगला लावावा का? नको. ओल्या पोर्टमध्ये वीज गेली की आतले संपर्कबिंदू गंजतात. आधी बाहेरून पुसा, मग बूच उघडा, भोक खाली करून रात्रभर ठेवा आणि सकाळी चार्ज करा.