दिवसाढवळ्या घरात

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडे सणाची सुट्टी म्हणजे खरं तर बदली असते, ऑफिसातून थेट स्वयंपाकघरात. गणपतीत मोदक, दसऱ्याला श्रीखंड-पुरी, आणि दिवाळीचं तर काही बोलायलाच नको. भाजणीपासून सुरुवात होते ती भाऊबीजेला शेवटचा पाहुणा लिफ्टमध्ये शिरेपर्यंत. या सगळ्यातून सुटलेली एक सुट्टी आहे आणि माझा तिच्यावर फार जीव आहे. कार्तिकी पौर्णिमा, म्हणजेच गुरू नानक जयंतीची सुट्टी. शीख बांधवांचा तो मोठा सण. तुमच्याआमच्या घरी मात्र त्या दिवशी कुणी येत नाही, पुरण वाटायचं नसतं, आणि कुणाकडे गेलो नाही म्हणून कुणी रुसत नाही.

एरवी ती बहुधा नोव्हेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांत येते. अधिक महिन्याचं वर्ष असलं की पुढे सरकते. २०२३ साली अधिक श्रावण होता, तेव्हा ती २७ नोव्हेंबरला आली होती. अशी उशिरा आलेली मला जास्त आवडते. एक तर हवा बदललेली असते. दुसरं म्हणजे तुळशीची लग्नं लागली की माणसांच्या लग्नांचे मुहूर्त सुरू होतात, आणि घरातली मंडळी वऱ्हाडात सामील होऊन चिपळूणला नाहीतर कराडला निघून जातात. एखाद्या जणाला "मला रजा नाही" म्हणून मागे राहता येतं. आता सुट्टीच्या दिवशी रजा कशाला लागते, हा प्रश्न गडबडीत कुणाला सुचत नाही.

तर आज मला बोलायचंय ते या मागे राहिलेल्या माणसाबद्दल. मुंबईत, आपल्या घरात, दिवसभर एकटं असणाऱ्या माणसाबद्दल.

या शहरात ही चैन फार नवी आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळी शंभर वर्षांपूर्वी उभ्या राहिल्या. तिथली खोली १६० चौरस फुटांची. त्यात आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे. गिरणगावात तर एकेका खोलीत कोकणातून, घाटावरून आलेले वीस-वीस गिरणी कामगार राहायचे. पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच जागेवर आडवा व्हायचा. जेवण खानावळवाल्या बाईकडे. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तोवर त्या बायका सावकाराच्या व्याजात बुडालेल्या असायच्या. सांगायचा मुद्दा असा की त्या मुंबईत खोलीत एकटं असणं ही कल्पनाच कुणाला सुचली नसती. ज्याला एकटं बसावंसं वाटे तो गच्चीवर जाई, चौपाटीवर जाई, किंवा हार्बरच्या शेवटच्या स्टेशनपर्यंत जाऊन त्याच गाडीनं परत येई. घर सोडल्याशिवाय एकटं होता येत नसे.

आता बीडीडीच्या जागी ५०० चौरस फुटांची घरं मिळतायत. आपलंही घर मोठं झालं, पण त्याच्या हप्त्यासाठी आपण सकाळी सात पंचवीसची लोकल पकडतो आणि रात्री साडेआठला लॅच उघडतो. रविवारी सगळेच घरी. म्हणजे ज्या घरासाठी वीस वर्षं पैसे भरायचे, ते सकाळी अकरा वाजता कसं दिसतं हे आपल्याला माहीतच नसतं. आमच्या शेजारचे काका निवृत्त झाल्यावर पहिल्या आठवड्यात म्हणाले होते, "अगं, आमच्या हॉलमध्ये ऊन येतं!" सत्तावीस वर्षं त्या घरात राहून.

ऊन येतं, आणि ते याच दिवसांत येतं. मुंबईत मेच्या मध्याला एकदा आणि जुलैच्या शेवटी एकदा सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर असतो. त्याला शून्य सावली म्हणतात. तेव्हा दक्षिणेच्या खिडकीतून आत काही येत नाही, सज्जाच सगळं ऊन अडवतो. नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य दक्षिणेकडे इतका कललेला असतो की दुपारीही पाच फुटांच्या माणसाची सावली चार फुटांची पडते. मग तेच ऊन सज्जाखालून वाकून आत शिरतं आणि पार सोफ्याच्या पायापर्यंत येतं. ज्यांची खिडकी दक्षिणेला आहे त्यांनी त्या दिवशी खुर्ची कुठे ठेवायची हे सांगायला मी नको. बाकीच्यांनी शेजाऱ्यांशी संबंध सुधारावेत.

आणि माध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही हेही त्याच दिवशी कळतं. आपलं घड्याळ प्रयागराजजवळच्या (पूर्वीच्या अलाहाबादजवळच्या) रेखांशावर लावलेलं, आणि आपण त्याच्या कितीतरी पश्चिमेला. त्यामुळे या दिवसांत मुंबईत सूर्य सर्वात वर येतो तो साधारण बारा पंचविसाला.

पुस्तकातला शरद वाचून कुणी खिडकीतून पानगळ शोधायला जाईल तर निराशा होईल. आपल्याकडची झाडं पानं टाकतात ती पुढे शिशिरात, जानेवारी-फेब्रुवारीनंतर. कार्तिकात उलट काही झाडं फुलावर असतात. बुचाच्या झाडाखाली सकाळी लांब देठांची पांढरी फुलं पडलेली दिसतात. संध्याकाळी सातवीण दरवळते. तिचा वास काहींना आवडतो, काहींचं डोकं दुखतं. मी दुसऱ्या गटातली, तरी त्या वासाशिवाय नोव्हेंबर आला असं वाटत नाही.

घरातल्या खुणा याहून बारीक आहेत. पंखा पाचवरून तीनवर येतो. सकाळी वाळत घातलेला टॉवेल अकराला कडकडीत, कारण सकाळचा वारा आता समुद्राकडून नाही, जमिनीकडून येतोय. आणि बाथरूमच्या खिडकीतली खोबरेलाची बाटली. खोबरेल साधारण चोवीस अंशांखाली गोठतं. मुंबईचा पहाटेचा पारा विशीच्या आसपास उतरला की एके दिवशी बाटली पांढरी झालेली दिसते. दुपारी तेहेतीस अंश असोत नसोत, आमच्या आईच्या लेखी थंडी त्या सकाळी सुरू झाली. स्वेटर मात्र अजून काढायचा नाही. तो मुंबईत वर्षातून चार दिवस घालायचा असतो, आणि तेही लोकांना दिसावा म्हणून.

एक व्यवहाराची गोष्ट सांगते. एकटे आहोत, मोकळं वाटतंय म्हणून पहाटे उठून सगळ्या खिडक्या सताड उघडू नका. या दिवसांत रात्री जमिनीलगतची हवा थंड होते, वर उबदार थर बसतो, आणि धूळ-धूर त्याच्याखाली कोंडून राहतो. सकाळी समोरची इमारत धुरकट दिसते ते धुकं नव्हे. दुपारी समुद्रावरून वारा सुरू झाला की हे झाकण उघडतं. तेव्हा खिडक्या उघडाव्यात. सुट्टीचा आणखी एक फायदा असा की समोरच्या पुनर्विकासाचं ड्रिलिंग बहुधा बंद असतं. मुंबईकराला शांतता म्हणजे काय हे हल्ली ड्रिल थांबल्यावरच कळतं.

शांत म्हटलं तरी आवाज असतातच, फक्त ते वेगळे असतात. खालच्या मजल्यावरचा कुकर किती शिट्ट्या घेतो हे समजतं. दिवाळीत कपाटं आवरून झालेली असतात, त्यामुळे जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण नेमकी याच सुमारास फिरते, आणि तिच्याशी घासाघीस करणारा आपल्या मजल्यावरच्या वहिनींचा एरवी इतका मृदू आवाज ऐकण्यासारखा असतो. पाण्याच्या टाकीवर हिवाळी पाहुणा धोबी पक्षी येऊन शेपूट वरखाली करत बसतो. कावळ्यांना तो अजिबात खपत नाही.

दुपारचं जेवण. इथे मी जरा थांबणार आहे, कारण एकटं असलं की बहुतेक जण इथेच गडबडतात. दोन टोकं असतात. एक म्हणजे "माझ्या एकटीसाठी काय करायचं" म्हणून उभ्यानं चहा-बिस्किटं खायची. दुसरं म्हणजे मोबाईलवरून इतकं मागवायचं की रात्री डबे धुवायला लागतात. मला विचाराल तर एकट्या माणसानं ताट घ्यावं आणि बसून जेवावं. गरम भात, साधं वरण, तूप, लिंबाची फोड. चातुर्मास संपलेला असतो, ज्यांनी कांदा-वांगं सोडलं होतं त्यांना आता मोकळीक. एक मोठं वांगं गॅसवर भाजायचं, कच्चा कांदा, हिरवी मिरची, वरून कच्चं तेल. घरी चार माणसं असली की एकाला भरीत दह्यातलं हवं, एकाला दाण्याचं कूट घालून, एकाला वासच नको. त्या दिवशी ते तुम्हाला हवं तसं होतं. सोबत दिवाळीच्या चिवड्याचा तळ. डब्याच्या तळाशी शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि मीठमसाला साठतो, तो चिवड्याचा सर्वात चांगला भाग. पंधरा दिवस पाहुण्यांना वरचे पोहे वाढून तो कुणी राखला? आपणच. मग तो खायचा हक्कही आपलाच.

आणि एकटं जेवणं ज्यांना खरंच जात नाही, त्यांच्यासाठीही त्याच दिवशी सोय आहे. दादरच्या गुरुद्वारात लंगर असतो. डोकं झाकायचं, चप्पल काढायची, हात धुवायचे आणि पंगतीत बसायचं. तुम्ही कोण, कुठले, कुणी विचारत नाही.

हे मी मुद्दाम सांगितलं. कारण इतका वेळ जे बोलले ते ज्यांचं घर रात्री पुन्हा भरणार आहे त्यांच्यासाठी. ज्यांचं घर रोजच रिकामं आहे त्यांना मी ऊन आणि भरीत काय सांगणार? मुलं पुण्याला किंवा परदेशात, जोडीदार गेलेला, आणि सुट्टीच्या दिवशी कामवाली बाईही येत नाही, म्हणजे दिवसातलं एकमेव बोलणंही गेलं. अंधेरीत कॉट बेसिसवर राहणाऱ्या सांगलीच्या मुलीचा डबा सुट्टीला बंद असतो. रूममेट गावी गेलेल्या, आणि तिला या शहरात येऊन तीनच महिने झालेले. अशांना "एकटेपणाचा आनंद घ्या" असं सांगणं मला आगाऊपणा वाटतो. त्यांच्या शेजाऱ्यांशी मात्र बोलता येईल. वाटीभर भरीत घेऊन बेल वाजवावी. वाटी परत घ्यायच्या निमित्तानं दुसऱ्यांदाही जाता येतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा हेल्पलाइन क्रमांक आहे. तो शेजारच्या आजींच्या फोनमध्ये मोठ्या अक्षरात साठवून द्यायला पाच मिनिटं लागतात.

मोबाईल बंद करून बसा असंही मी सांगणार नाही. वऱ्हाडातून फोटो यायचे असतात, आणि मांडवात कोण कुणाशी बोललं नाही ही बातमी ताजी असतानाच गोड लागते. जेवणानंतर वामकुक्षी घ्यावी. पुस्तक छातीवर पडलं तर पडू द्यावं. कपाट आवरायला काढू नये. एवढी एकच सक्त सूचना.

फक्त साडेपाचला उठा. वर्षातला सर्वात लहान दिवस डिसेंबरच्या एकवीस-बावीसला, त्यामुळे सूर्यही तेव्हाच सर्वात लवकर मावळत असेल असं आपण धरून चालतो. मुंबईत तसं होत नाही. इथला सर्वात लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास येतो, सहाच्या ठोक्याला. डिसेंबरच्या त्या लहान दिवशी तो सहा वाजून पाच-सहा मिनिटांवर गेलेला असतो. कारण या काळात सूर्याची माध्यान्ह रोज काही सेकंदांनी पुढे सरकत असते, आणि सूर्यास्ताला आपल्याबरोबर ओढत नेते. ऑफिसात बसून हे कळायचं नाही, तिथे बारा महिने ट्यूबलाइटच.

त्यातून पौर्णिमा. म्हणजे पश्चिमेला सूर्य बुडतोय त्याच सुमारास पूर्वेला चंद्र वर येणार. त्रिपुरी पौर्णिमा असल्यामुळे बाणगंगेच्या पायऱ्यांवर दिवे लागतात, तिकडे गर्दी होते. घरातल्या घरात कुणी साडेसातशे धाग्यांची त्रिपुरवात लावतं. ती तुपात आदल्या दिवशी भिजवली नाही तर नीट पेटत नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. पण सूर्य आणि चंद्र दोन्ही एकदम बघायचे तर गच्ची हवी, आणि गच्चीला कुलूप असतं. किल्ली वॉचमनकडे, आणि सुट्टीच्या दिवशी वॉचमन पाचला चहाला जातो तो साडेसहाशिवाय उगवत नाही. तेव्हा किल्ली दुपारीच मागून घ्या. सेक्रेटरींनी विचारलं तर डिशची तार बघायचीय म्हणून सांगा.

नमस्कार.