प्रूफ नाण्याचा दर्जा आणि दाम

मंडळी, आधी एक गोंधळ निस्तरू. "माझ्याकडचं नाणं प्रूफ दर्जाचं आहे" असं सर्रास ऐकू येतं. पण प्रूफ हा दर्जाच नव्हे, ती नाणं पाडण्याची पद्धत आहे. ठसा आरशासारखा घासतात, चकती निवडून चकाकवतात, आणि एरवी एकदाच पडणारा दाब इथे दोनदा किंवा जास्त वेळा देतात. असं नाणं कुणी चुकून खिशात वागवून झिजवलं, तरी ते प्रूफच राहतं. फक्त झिजलेलं प्रूफ.

आपल्याकडचं ओळखीचं उदाहरण म्हणजे 1969चा गांधी जन्मशताब्दीचा सेट. वीस पैसे, पन्नास पैसे, एक रुपया आणि दहा रुपये. मुंबई टाकसाळीच्या साध्या नाण्यावर हिऱ्याच्या आकाराची छोटी खूण असते, प्रूफवर 'बी' हे अक्षर. 1996पासून त्याच्या जागी 'एम' आलं. बाजारात "चकचकीत आहे म्हणजे प्रूफच" असं कुणी म्हणालं, तर पहिली नजर या खुणेवर टाका. पॉलिश केलेली साधी नाणी प्रूफ म्हणून खपवणारे महाभाग कमी नाहीत.

आता दर्जाकडे येऊ. 1949मध्ये नाण्यांचे अमेरिकन अभ्यासक विल्यम शेल्डन यांनी तिथल्या जुन्या मोठ्या सेंट नाण्यांसाठी 1 ते 70 अशी मोजपट्टी आखली. पीसीजीएस आणि एनजीसी या नाण्यांचा दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थांनी 1980च्या दशकात तीच पट्टी घेऊन नाणी प्लास्टिकच्या बंद डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये, घालायला सुरुवात केली. न वापरलेलं प्रूफ 60 ते 70 मध्ये बसतं. पाचपट भिंगाखाली काहीच खोट दिसली नाही, तर 70.

खोट कुठे शोधायची? माझा सगळा जीव या भागात आहे. खोलीतले बाकीचे दिवे मालवा, एकच पिवळा बल्ब ठेवा. ते दहा रुपयांचं गांधी नाणं कडेने धरून हळूहळू तिरपा करा. गांधीजींच्या चेहऱ्यापुढे जो मोकळा आरसा आहे, तिथे केसासारख्या बारीक रेघा उठतात. साध्या नाण्यावर त्या चमकेत हरवतात, आरशावर मात्र लपत नाहीत. रेघा सगळ्या एकाच दिशेने धावत असतील तर समजा, कुणीतरी मायेने रुमाल फिरवलाय. आणि एकदा पुसलेलं नाणं म्हणजे कायमचं नुकसान. संस्था त्याला आकडाच देत नाहीत, "साफ केलेलं" असा शेरा मारतात. चिंच-मीठ देवघरातल्या भांड्यांसाठी ठेवा!

दुसरी गोष्ट कॉन्ट्रास्टची. आकृती धुरकट पांढरी आणि भोवती काळा आरसा, याला कॅमिओ म्हणतात. फारच ठळक असेल तर डीप किंवा अल्ट्रा कॅमिओ. ही धुरकट छटा ठशावरच दिलेली असते आणि दर दाबागणिक विरत जाते. जुन्या काळच्या नाण्यांत म्हणून ठशाची पहिली काही अपत्यं देखणी आणि महाग.

मोलाचं गणित मात्र वेगळं. दहाच्या त्या नाण्याचं वजन 15 ग्रॅम, चांदी 80 टक्के, म्हणजे 12 ग्रॅम. हा झाला तळ. त्यावर दुर्मिळता, मागणी, मूळ टाकसाळीचं खोकं. आधुनिक प्रूफमध्ये 69 खंडीभर असतात, 70ला मात्र उगाच मोठा भाव. माझ्या मते त्या एका आकड्यापायी पैसे ओतणं ही हौस आहे, गुंतवणूक नव्हे. कोणत्या दर्जाची किती नाणी तपासली, याचे या संस्थांचे तक्तेही आंधळेपणाने वाचू नका. वरचा आकडा मिळेल या आशेने लोक स्लॅब फोडून तेच नाणं पुन्हा पाठवतात, नि ते दोनदा मोजलं जातं.

ब्रिटिश काळातल्या प्रूफला आणखी एक पेच. जुन्या ठशांवरून टाकसाळीनेच नंतर रीस्ट्राइक, म्हणजे तीच नाणी पुन्हा, पाडली. तीही टाकसाळीचीच, पण मूळ प्रूफच्या मानाने भाव पुष्कळ खाली. त्यामुळे पावती घेताना मूळ की रीस्ट्राइक हे लिहूनच घ्या.

आणि भाव विचाराल तर विक्रेत्याने लावलेली किंमत पाहू नका; लिलावात हातोडा कुठे पडला ते पाहा.