रस मागे उरतो

नमस्कार श्रोतेहो.

उपवास केला असेल, तर तुम्हीही हे अनुभवलं असेल. पोट रिकामं असतं, पण मनात सकाळपासून पंगत बसलेली असते. एरवी ज्या पदार्थाची आठवणही येत नाही, त्याचाच वास त्या दिवशी नाकाशी घुटमळतो. मी हे कित्येक वर्षं माझंच दुबळेपण समजत होते. मग गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला एक शब्द नीट वाचला: ‘रसवर्जम्’. आहार सोडणाऱ्याचे विषय सुटतात, पण रस सोडून. गोडी तेवढी मागे उरते, आणि ती जाते परमतत्त्व दिसल्यावर. ताट बाजूला सारलं म्हणजे काम झालं, असं गीता म्हणत नाही.

या उरलेल्या गोडीबद्दलच आज बोलायचं आहे.

बायबलमधला एसाव आठवा. इसहाकाचा थोरला मुलगा. रानातून दमून आला, तेव्हा धाकटा याकोब मसुरीचं कालवण शिजवत होता. एसाव म्हणाला, ते तांबडं मला दे. मूळ हिब्रूत तो ‘तांबडं’ हा शब्द दोनदा उच्चारतो. पदार्थाचं नाव घेण्याइतकाही धीर त्याला नाही. आणि त्या कालवणासाठी त्याने आपला थोरलेपणाचा हक्क विकून टाकला. इसवी सन ४०० च्या सुमारास संत ऑगस्टीन याच प्रसंगावर थांबला. अन्नाच्या अशुद्धतेची मला भीती नाही, वासनेच्या अशुद्धतेची आहे, असं त्याने लिहिलं. एलीया संदेष्टा मांस खाऊन विटाळला नाही. एसाव मात्र साध्या मसुरीने फसला. मसुरीत दोष कुठे होता?

इस्लाममधला रोजा याच बाजूने पाहिला की मला फार उमगत जातो. समोरचं अन्न हलाल आहे, कष्टाचं आहे, स्वतःच्या घरचं आहे. तरी सूर्यास्तापर्यंत हात लागत नाही, पाणीसुद्धा नाही. म्हणजे वाईट वस्तू टाळण्याचा हा अभ्यास नव्हे. चांगल्या वस्तूलाही ‘थांब’ म्हणता येतं का, याचा आहे. आणि हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आणखी पुढे जाते: जो खोटं बोलणं सोडत नाही, त्याने खाणंपिणं सोडण्याची अल्लाहला गरज नाही. जीभ एकच ना; तिने चवही घ्यायची आणि खोटंही बोलायचं.

बुद्धांनी याबाबत एक दृष्टांत दिला, तो ऐकवत नाही. पती-पत्नी एकुलत्या मुलाला घेऊन वाळवंट पार करत असतात. शिधा संपतो. शेवटी ती दोघं रडत, ऊर बडवत मुलाचंच मांस खातात, केवळ पलीकडे पोचण्यासाठी. बुद्ध भिक्षूंना विचारतात, ती दोघं ते चवीने खात असतील का? अन्नाकडे असं पाहा. आणि हे सांगणाऱ्याने स्वतः उपासमारीने देह वाळवून पाहिला होता, मग ती वाट सोडून सुजाताची खीर स्वीकारली होती. म्हणून तो दृष्टांत मला निष्ठुर वाटत नाही. आपल्या प्रत्येक घासात कुणाचा तरी जीव किंवा कुणाची तरी मेहनत असते, एवढं त्याने कळतं.

छांदोग्य उपनिषद म्हणतं, आहार शुद्ध तर अंतःकरण शुद्ध. शंकराचार्यांनी इथे ‘आहार’ म्हणजे इंद्रियांनी आत घेतलेलं सगळंच, असा अर्थ लावला. रामानुजाचार्यांनी तो शब्द अन्नापुरताच घेतला: ते काय आहे, कुणाकडून आलं, त्यात काही पडलं तर नाही ना. माझा ओढा शंकराचार्यांच्या अर्थाकडे आहे. पण ‘कुणाकडून आलं’ हा प्रश्न आपण हक्क हिरावून मिळवलेल्या घासाबद्दल विचारला असता, तर तो फार मोलाचा ठरला असता. आपण तो माणसाच्या जन्माबद्दल विचारला. शिवलेलं पाणी ओतून दिलं, पंगतीतून माणसं उठवली. पावित्र्याच्या नावाखाली याहून अपवित्र काही घडलं असेल, असं मला वाटत नाही. गुरू नानकांनी सुतकाचा अर्थच आत वळवला: मनाचं सुतक लोभ, जिभेचं सुतक खोटेपणा. आणि लंगरात सगळे एकाच ओळीत जमिनीवर बसू लागले.

ज्यू लोकांचा योम किप्पुर हा वर्षातला सर्वांत महत्त्वाचा उपवास, साधारण २५ तासांचा. त्या सकाळी प्रार्थनास्थळ भरलेलं असतं, आदल्या संध्याकाळपासून कुणाच्या पोटात अन्नपाणी नसतं. आणि नेमका तेव्हाच यशया संदेष्ट्याचा उतारा मोठ्याने वाचला जातो. त्यात देव विचारतो: मला आवडणारा उपवास हाच आहे का? आपली भाकर भुकेल्याला वाटून देणं, बेघराला घरात घेणं, तो उपवास नव्हे का? उपाशी माणसं ते ऐकत असतात.

नमस्कार.