पेवातली हळद आणि नातवंडांचं शिक्षणखातं

(सांगलीत विश्रामबागेत पालक आणि आजी-आजोबांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप.)

मंडळी, वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजमधून बाहेर पडलेली आपली पोरं कुठे कुठे पोचली, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यातली काही आता परत यायचं म्हणतात. येताना घर विकतात, गाडी विकतात, पण मुलांच्या शिक्षणासाठी पैसे साठवायचं अमेरिकेतलं ‘फाइव्ह ट्वेंटी नाइन’ (५२९) खातं तसंच ठेवतात. का, तर “त्यावर टॅक्स नसतो.” आज या एवढ्या एका वाक्याबद्दलच बोलायचंय.

आपल्या हरिपूरची पेवं आठवा. जमिनीखालच्या त्या खड्ड्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, कारण तिथली माती तशी. तोच खड्डा भलत्या गावात खणला तर हळद कुजायची. करमाफीचं अगदी तसंच आहे. ज्या देशाच्या कायद्यानं ती दिली, त्या देशाच्या मातीतच ती टिकते.

अमेरिकेत या खात्याचं कलम ५२९ आलं १९९६ साली. पैसे वाढले आणि शिक्षणाला लावले, तर तिथे वाढीवर कर नाही. आपल्या आयकर कायद्यात या खात्याला वेगळी सवलत नाही. निवृत्तीच्या परदेशी खात्यांसाठी २०२१ साली कलम ८९अ आणलं, शिक्षणखात्यांना मात्र त्यात जागा मिळाली नाही. मला ही उणीव खरंच खटकते, कारण तो पैसाही कष्टानंच साठवलेला असतो.

आता हिशोब करू. समजा ४० हजार डॉलर घातले, त्याचे ६० हजार झाले. मुलीच्या इथल्या कॉलेजसाठी १५ हजार काढले. त्यातला एक तृतीयांश, म्हणजे ५ हजार, ही वाढ धरली जाते. ते कॉलेज अमेरिकी सरकारच्या विद्यार्थी-मदत योजनेत पात्र असलेल्या संस्थांपैकी हवं. परदेशातली काही विद्यापीठं त्यात आहेत, म्हणून आधी नाव तपासा. नाव नसेल तर त्या ५ हजारांवर तिकडचा आयकर आणि वर १० टक्के, म्हणजे आणखी ५०० डॉलर. मूळ रकमेवर काही नाही.

आणि भारतात? इथे सगळं ठरतं तुमच्या निवासी दर्जावर. मागच्या १० वर्षांपैकी ९ वर्षं अनिवासी असाल, किंवा मागच्या ७ वर्षांत भारतात ७२९ दिवस किंवा त्याहून कमी राहिला असाल, तर परतल्यावर साधारणपणे दोन-तीन वर्षं तुम्ही ‘आरएनओआर’, म्हणजे निवासी, पण अजून ‘सामान्यतः निवासी’ नाही. त्या काळात परदेशात मिळालेल्या अशा उत्पन्नावर इथे कर नाही. पण एक बारकावा जपा: पैसे आधी तिकडच्याच बँक खात्यात घ्या. उत्पन्न पहिल्यांदाच थेट सांगलीच्या खात्यात आलं, तर ते भारतात मिळालेलं धरलं जातं आणि ही सवलत जाते. माझ्याकडे आलेल्या एका जोडप्यानं नेमकं हेच केलं होतं. चांगली, नियमानं चालणारी माणसं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

दर्जा एकदा पूर्ण निवासी झाला की जगभरचं उत्पन्न इथे दाखवायचं, आणि विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते खातंही. तिकडे कर भरला असेल तर त्याची वजावट मिळू शकते, त्यासाठी फॉर्म वेळेत भरावा लागतो.

उलट्या वाटेनं जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. सुकन्या समृद्धीचं व्याज इथे करमुक्त, पण सध्याच्या ८.२ टक्क्यांनी मिळणारं तेच व्याज अमेरिकेच्या विवरणपत्रात उत्पन्न म्हणून जातं. अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची शिल्लक मिळून वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेली, तर त्याची माहिती वेगळी कळवायची, मुलीच्या नावचं खातं असलं तरी. सुकन्या निवासी मुलींसाठी आहे, म्हणून जाताना पोस्टात किंवा बँकेत कळवा. आणि मुलांच्या नावानं चालवलेली म्युच्युअल फंडाची एसआयपी? तिकडचा कायदा परदेशी फंडांना फारच जाचक वागवतो, दर वर्षी फंडागणिक वेगळा फॉर्म लागतो. विमानात बसण्याआधी ती विकायची की नाही, हे इथेच ठरवा.

आता प्रश्न घेऊ. ज्यांची मुलं परत आली आहेत किंवा येणार आहेत, त्यांनी पासपोर्टवरचे येण्याजाण्याचे शिक्के बघून ठेवा. ७२९ दिवसांची मोजणी तिथूनच सुरू होते.