कागदाचा गाँग आणि हेलसिंकीचा पैलवान

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या घरात एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. काळी, जाडजूड, लंडनहून आलेली. तिच्या मूळ इंग्रजी लेबलावर माझ्या वडिलांनी बॉलपेनने एकच शब्द लिहून ठेवलाय : 'पैलवान'. आत मात्र कुस्तीचा एकही डाव नाही. आत आहे एक रंगीत इंग्रजी विनोदी चित्रपट, आणि त्यातलं इंग्रजी आमच्या घरात कुणालाही धड कळायचं नाही. पैलवान आहे तो फक्त सुरुवातीला, दहा-बारा सेकंद. उघड्या अंगाचा एक धिप्पाड माणूस, तेल लावल्यासारखी चमकणारी पाठ, समोर त्याच्याहून उंच, सोनेरी रंगाचा प्रचंड गाँग, म्हणजे टोल द्यायची गोल थाळी. तो मागे रेलतो, दोन्ही हातांनी टोला उचलतो आणि हाणतो. घुमारा उठतो, आणि पडद्यावर कंपनीचं नाव येतं.

ही खूण रँक ऑर्गनायझेशन या ब्रिटिश कंपनीची. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला याच कंपनीने 'रँक व्हिडिओ लायब्ररी' या नावाने घरी बघायच्या कॅसेटी बाजारात आणल्या. आज मी त्या खुणेबद्दल बोलणार आहे. रेडिओवरून चित्राबद्दल काय बोलायचं, असं तुम्हाला वाटेल. पण या चित्राचा अर्धा जीव आवाजात आहे, आणि तो आवाज काढणारा माणूस पडद्यावर कधी दिसलाच नाही.

आधी कंपनीची हकीकत सांगतो. जे. आर्थर रँक हे पिठाच्या गिरण्यांचे मालक. वडील जोसेफ रँक यांनी हल शहरात धंद्याचा पाया घातला आणि पुढे तो देशभर पसरला. आर्थर रँक निष्ठावान मेथडिस्ट ख्रिस्ती होते, रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायचे. धर्माची शिकवण चित्रपटातून द्यावी, या ओढीने ते 1933 च्या सुमारास या धंद्याकडे वळले. बघता बघता पसारा असा वाढला की 1936 साली लंडनजवळ पाइनवुड स्टुडिओ उभा राहिला, 1937 साली रँक ऑर्गनायझेशन स्थापन झाली आणि 1940 च्या दशकाच्या मध्याला सहाशेहून जास्त चित्रपटगृहं त्यांच्या हाताखाली होती. चित्रपट बनवणार तेच, वाटणार तेच, दाखवणारही तेच.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती रेडिओची आहे. तुमच्यापैकी ज्येष्ठ मंडळींना 'बुश' नावाचा रेडिओ आठवत असेल. आपल्याकडे कित्येक घरांत तो फडताळावर क्रोशाचा रुमाल पांघरून बसलेला असायचा. हे बुश नाव लंडनच्या शेफर्ड्स बुश या भागावरून आलं. तिथे गोमाँ या चित्रपट कंपनीचा स्टुडिओ होता, आणि 1932 साली तिनेच बुश रेडिओ सुरू केला. पुढे गोमाँ रँककडे गेली, आणि 1945 साली बुशही गेला. म्हणजे गाँगवाल्याच्याच घराण्यातला एक रेडिओ आपल्या आजोबांच्या घरी बातम्या सांगत होता.

गाँग मात्र रँकच्याही आधीचा. 1935 साली सी. एम. वुल्फ यांनी जनरल फिल्म डिस्ट्रिब्युटर्स ही वितरण कंपनी काढली. गाँग वाजवणाऱ्या माणसाची कल्पना त्यांच्या सेक्रेटरीची, असं सांगतात. ती कंपनी रँकच्या छत्राखाली आली आणि खूण सगळ्या समूहाची झाली. गाँगवाले वेळोवेळी बदलत गेले. त्यातले एक बॉम्बार्डियर बिली वेल्स, 1911 ते 1919 ब्रिटनचे हेवीवेट मुष्टियुद्ध विजेते. नंतर फिल नीमन आले. आणि 1950 च्या दशकाच्या मध्यापासून जो गाँगवाला जगभर ओळखीचा झाला, जो आमच्या कॅसेटवर आहे, त्याचं नाव केन रिचमंड.

आता आबांकडे येतो. आबा म्हणजे माझे वडील. ते मूळचे कऱ्हाडजवळचे, पुढे नोकरीनिमित्त कोल्हापुरात आले. उभं तारुण्य तालमीत गेलेलं. 1986 साली काका लंडनहून आले आणि ही कॅसेट घेऊन आले. व्हीसीआर आमचा नव्हता. पेठेतल्या व्हिडिओवाल्याकडून तो रात्रभरासाठी भाड्याने आणायचा, सोबत टीव्हीही आणायचा, आणि भाडं वसूल व्हावं म्हणून पहाटेपर्यंत जागायचं. ब्रिटनची कॅसेट आपल्याकडे सरळ चालायची, कारण दोन्हीकडची टीव्हीची पद्धत एकच, पाल, पडद्यावर 625 रेषा. अमेरिकेहून कुणी कॅसेट पाठवली तर पडद्यावर नुसत्या आडव्या पट्ट्या नाचायच्या.

गाँग वाजला. आबा ताठ बसले. म्हणाले, "मागं घे." मी रिवाइंड केलं. पुन्हा वाजला. "परत घे." चार-पाच वेळा झालं. आई वैतागली, काका हसायला लागले. आणि आबा म्हणाले, "ह्यो पैलवान हाय. पाय बघ, पायाची बैठक बघ. पण मारत न्हाई त्यो. हात धरलाय त्यानं."

आम्ही म्हटलं, मारत नाही तर एवढा आवाज कसा येतो? आबा म्हणाले, "खरा घाव घातला की खांदा पुढं जातुया. ह्याचा खांदा मागंच ऱ्हायलाय. वस्तू फुटंल म्हणून जपून मारल्यागत."

त्यावर घरात कुणी फार विचार केला नाही. पण त्या दिवसापासून कॅसेटवर 'पैलवान' लिहिलेलं आहे.

श्रोतेहो, तो गाँग खरोखर फुटला असता. तो धातूचा नव्हताच. कागदाच्या लगद्याचा केलेला होता, वरून सोनेरी रंग दिलेला. जोरात टोला बसला असता तर आरपार गेला असता. ज्या खुणेकडे बघून लोकांच्या छातीत धडधड व्हायची, ती वस्तू आपल्याकडच्या कागदी मुखवट्याच्या जातीची होती, आणि तालमीत वाढलेल्या डोळ्याला ते दहा सेकंदांत दिसलं.

मग आवाज कुणाचा? तो जेम्स ब्लेड्स यांचा. जन्म 1901, इंग्लंडातल्या पीटरबरोचा. तालवाद्यांवर अख्खी हयात घातलेला माणूस. त्यांनी तो आवाज चिनी टॅम-टॅमवर काढला. टॅम-टॅम म्हणजे काशाची मोठी, सपाट थाळी. शाळेत शिपाईमामा ज्या पितळी थाळीवर टोल द्यायचे, तिची थोरली बहीण म्हणा. मधोमध फुगवटा असलेल्या गाँगमधून एक ठरावीक सूर निघतो. टॅम-टॅममधून तसा एक सूर निघत नाही. आधी खालचा जाड घुमारा येतो, मग क्षणभराने वरची झळाळी फुलते, आणि सगळं मिळून हळूहळू विरतं. वाजवणाऱ्याचं कसब त्या फुलण्यात असतं. थाळीला आधी अगदी हलका, ऐकू न येणारा स्पर्श करून ती जागी करायची आणि मग घाव घालायचा. थंड थाळीवर एकदम हाणलं तर आवाज बोथट येतो.

याच ब्लेड्स यांचा आणखी एक आवाज जगाने ऐकला. दुसऱ्या महायुद्धात बीबीसी जर्मनांच्या ताब्यातल्या युरोपसाठी कार्यक्रम लावायची, तेव्हा आधी नगाऱ्याचे चार ठोके ऐकू यायचे. तीन लहान, एक लांब. मोर्स लिपीत तो व्ही, विजयाचा व्ही. फ्रान्स, बेल्जियम, हॉलंडमध्ये लोक दारं-खिडक्या लावून, आवाज बारीक करून तो ठोका ऐकायचे. पकडलं गेलं तर शिक्षा ठरलेली. तो नगारा वाजवणारे हात ब्लेड्स यांचेच. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. त्यांच्या हातचे दोन आवाज कोट्यवधी लोकांनी ऐकले, आणि चेहरा मात्र मोजक्यांनाच माहीत होता.

आता हा घुमारा कॅसेटवर कसा उतरायचा, ते सांगतो. मी गेली काही वर्षं लोकांच्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून देतो, त्यामुळे हा भाग माझ्या रोजच्या कामाचा आहे. चित्रपटाची फिल्म व्हिडिओवर आणायला टेलिसिने नावाचं यंत्र लागतं. त्यात प्रकाशाचा एक बारीक ठिपका फिल्मवरून रेघारेघांनी फिरतो आणि पलीकडे किती उजेड पोचला, ते मोजलं जातं. ही यंत्रं बनवणाऱ्यांत मोठं नाव होतं रँक सिंटेल. म्हणजे गाँगचं चित्र ज्या यंत्रातून कॅसेटवर जायचं, ते यंत्रही त्याच घरचं.

फिल्म सेकंदाला 24 चित्रं दाखवते. पाल पद्धतीत सेकंदाला 25 लागतात. त्यावरचा सोपा उपाय म्हणजे फिल्म जरा जोरात पळवायची, चार टक्के. शंभर मिनिटांचा चित्रपट बरोबर 96 मिनिटांत संपतो. बघणाऱ्याला कळत नाही, कानाला कळतं. सगळा आवाज थोडा वर चढतो, पेटीवर शेजारच्या पट्टीच्या जरा अलीकडे. म्हणजे आम्ही त्या रात्री जो गाँग ऐकला तो ब्लेड्स यांनी वाजवला त्याहून चढा होता. वर कॅसेटच्या कडेची आवाजाची पट्टी जेमतेम एक मिलिमीटर रुंद. फीत सरकते सेकंदाला 2.34 सेंटिमीटर, गाण्याच्या कॅसेटच्या निम्म्या वेगाने. वेगात जराशी जरी थरथर झाली तरी ती बोलण्यात लपते, पण लांबत जाणाऱ्या नादात उघडी पडते. म्हणून एखादा व्हीसीआर ठीक आहे का, हे बघायला मी आजही गाँगची कॅसेट लावतो. नाद डुगडुगला तर समजायचं, रबराचा रोलर गेला.

केन रिचमंड कोण, हे मला फार उशिरा कळलं. ते इंग्लंडचे कुस्तीगीर होते. 1952 सालच्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीत, 87 किलोच्या वरच्या गटात, त्यांनी कांस्यपदक जिंकलं.

हेलसिंकी, 1952, फ्रीस्टाइल, कांस्य. श्रोतेहो, हे शब्द वाचले आणि माझे हात थांबले. त्याच ऑलिंपिकमध्ये, त्याच फ्रीस्टाइलमध्ये, 57 किलोच्या गटात कांस्यपदक घेतलं होतं आपल्या खाशाबा जाधवांनी. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. 1948 साली लंडनला ते सहावे आले होते. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापुरात त्यांच्या प्राचार्यांनी राहतं घर गहाण टाकलं होतं. दोघांचा जन्मही एकाच वर्षीचा, 1926 चा. एक सगळ्यात वजनदार गटात, दुसरा अगदी हलक्या गटांपैकी एकात, म्हणजे दोघे समोरासमोर लढणं शक्यच नव्हतं. पण त्या दिवसांत त्या शहरात दोघेही होते.

आबा तेव्हा नऊ वर्षांचे. खाशाबा परत आले तेव्हा कऱ्हाडपासून बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ती त्यांनी आजोबांच्या खांद्यावर बसून पाहिली होती. आयुष्यभर सांगायचे. बैलांच्या शिंगांचा रंग, गुलाल, हलगी. आणि चौतीस वर्षांनी, भाड्याच्या टीव्हीसमोर बसून, त्यांनी खाशाबांच्याच हेलसिंकीतला दुसरा एक कांस्यपदकवाला नुसत्या पायाच्या बैठकीवरून पैलवान म्हणून ओळखला. नाव माहीत नसताना. मला हे कळलं तेव्हा आबा नव्हते. सांगायचं राहून गेलं.

नंतरच्या गोष्टी झपाट्याने झाल्या. रँकने नवे चित्रपट काढणं 1980 सालीच थांबवलं होतं. म्हणजे कॅसेटी बाजारात आल्या तेव्हा गाँगमागचा कारखाना बंद पडत होता, आणि लोकांच्या घरात शिरत होते ते सगळे आधीचे चित्रपट. 1997 साली सातशेहून अधिक चित्रपटांचा साठा कार्लटन कंपनीने साडेसहा कोटी पौंडांना घेतला. 2004 साली कार्लटन आणि ग्रॅनडा या दोन ब्रिटिश टीव्ही कंपन्या एकत्र येऊन आयटीव्ही झाली आणि साठा तिकडे गेला. मधे 2000 साली पाइनवुड विकला गेला, चित्रपटगृहंही गेली. रँक हे नाव उरलं ते बिंगो आणि कॅसिनोच्या धंद्यात. धर्मशिक्षणासाठी चित्रपटांकडे वळलेल्या माणसाच्या नावाचं हे असं झालं, याचं मला वाईट वाटतं. केन रिचमंड 2006 साली गेले.

खुणा आपल्याकडेही होत्या. कोल्हापुरात 1929 साली सुरू झालेल्या प्रभातची तुतारी वाजवणारी स्त्री कोण विसरेल? पण आबांच्या कॅसेटवर लिहिलं गेलं ते त्या गाँगवाल्याचं नाव.

मागच्या पावसाळ्यात ती कॅसेट काढली. फितीच्या कडेला पांढरी बुरशी आली होती. झाकण उघडून दोन्ही चाकं मोकळी केली, मऊ कापडाने फीत हातभर हातभर पुसत गेलो. त्यात एक पूर्ण दुपार गेली. सुरुवातीच्या भागावर, जिथे आबांनी पुन:पुन्हा मागे घ्यायला लावलं होतं, तिथे फीत चुरगळली आहे आणि पडद्यावर मुंग्या येतात. पण टोल शाबूत आहे. संगणकावर घेतल्यावर मी तो चार टक्के सावकाश केला, म्हणजे तो पुन्हा खाली, आपल्या मूळ जागी आला.

तो आता तुम्हाला ऐकवतो. पाठीमागची खरखर आमच्या कॅसेटची आहे, ती मी काढलेली नाही.